हात पुरेल तिथवर

३ फेब्रुवारी, मंगळवार

ही दैनंदिनी दातांचे सिमेंट विकणाऱ्या एका कंपनीने माझ्या जावयास भेट दिली होती. त्यांनी ती न वापरता कपाटात टाकून दिली. कोरी वस्तू वाया जाऊ देणे मला मान्य नाही, म्हणून आजपासून मी तीत लिहीत आहे. माझे शिक्षण चौथीपर्यंत झाले आहे. परंतु शुद्धलेखनात वर्गात माझा हात धरणारा कोणी नव्हता, आणि पुढे नोकरीत मी लिहिलेल्या अर्जांत साहेबांनाही कधी चूक सापडली नाही.

लिहिण्यास कारण असे घडले. जुन्या विमानतळाचे प्रवासी दालन, जे आज बंद पडून आहे, तेथे २२ तारखेस विमानतळाच्या जुन्या दिवसांचे कायमचे प्रदर्शन उघडणार आहे. काचेच्या पेटीत ठेवण्यासाठी ‘थोरली’ ह्या विमानाची प्रतिकृती करून देण्याचे काम जावयाकडे आले आहे. जावई धंद्याने कवळ्या करणारे आहेत. दंतवैद्य मापे पाठवतात आणि हे दात घडवतात. फावल्या वेळात ते प्लॅस्टिकची छोटी विमाने जोडतात व रंगवतात. चाळिशी उलटलेल्या पुरुषाने विमाने खेळावीत ह्याविषयी मी आजवर अवाक्षर काढलेले नाही. पत्नी वारल्यानंतर मुलीने मला येथे आणले आणि मी आलो. जावयाच्या घरी राहणाऱ्याने किती बोलावे, हे मला शिकवावे लागत नाही.

थोरली हे आमच्या विमानतळावरील दोन पंख्यांचे, सर्वांत जुने विमान. निवृत्त होईपर्यंत ते मी धुतले. मी धुलाई विभागाचा मुकादम होतो. मला सारे ‘आरसा’ म्हणत, कारण माझ्या हातून निघालेल्या पत्र्यात पाहून वैमानिक भांग पाडीत. पुढे थोरलीस मोडीत काढून तिचा पत्रा किलोवर विकला. आता तिचे म्हणून जे उरणार, ते हे हातभर लांबीचे प्लॅस्टिक.

प्रदर्शनवाल्यांनी मला काही विचारलेले नाही. धुणाऱ्यास कोण विचारतो? परंतु लोक त्या पेटीत पाहून ठरवतील, की हे विमान कोणी कसे राखले होते. म्हणजे मी कसा होतो, हे ठरवतील. तेव्हा ह्या कामावर माझे लक्ष राहील.

५ फेब्रुवारी, गुरुवार

जावयाचे कामाचे टेबल माझ्याच खोलीत आहे. अथवा माझी खाट त्यांच्या कामाच्या खोलीत आहे, असे म्हणणे अधिक बरोबर होईल. खिडकीपाशी दिवा, ब्रश, चिमटे, कापसाच्या काड्यांचा डबा, टर्पेंटाइनची बाटली. बाजूच्या ताटलीत कोणाच्या तरी पुढच्या दातांची रांग वाळत पडलेली असते. झोपेतून जाग आली की प्रथम ते दात दिसतात.

आज त्यांनी विचारले, “बाबा, पांढरा कसा होता? एकदम पांढरा, की जरा मोत्यासारखा?”

मी सांगितले, “उकळलेल्या चादरीसारखा. आणि खिडक्यांखालची निळी पट्टी ही शाईसारखी निळी, आकाशासारखी नव्हे.”

त्यांनी तसाच रंग मिसळला व मला दाखवूनच मारला. वरून चकाकी आणणारे व्हार्निश लावले. संध्याकाळी विमान खिडकीत ठेवले होते. मी जवळ गेलो तेव्हा पोटाच्या पत्र्यात मला माझे नाक दिसले. थोडा वेळ मी तेथून हललो नाही. हे येथे लिहितो. त्यांना सांगितलेले नाही.

माझी कवळीही जावयानेच केलेली आहे. मी पांढरे दात मागितले होते. त्यांनी किंचित पिवळट, कडेला फिकट रेघ असलेले केले. म्हणाले, “अगदी पांढरे केले तर खोटे वाटतात, बाबा. हे तुमचेच वाटतील.” पैसे न घेता केलेल्या वस्तूस नावे ठेवता येत नाहीत. परंतु तेव्हाच माझ्या ध्यानात यायला हवे होते, की ह्या माणसास स्वच्छ वस्तू सहन होत नाही.

८ फेब्रुवारी, रविवार

दुपारी खेचर आला. हा विमाने ओढणारा ट्रॅक्टर चालवी, म्हणून त्याचे हे नाव पडले; स्वभावानेही ते त्यास शोभते. जावयाने त्याला बोलावून घेतले होते, हे मला तो आल्यावर कळले.

चहा होताच खेचराने विमान हातात घेऊन वरखाली फिरवले. “हे कधीचं म्हणायचं? नवी नवरी असतानाचं?”

जावई म्हणाले, “नाही हो काका. शेवटच्या वर्षांतलं करायचंय. लोकांना तेच आठवतं.”

“मग घाण करा की तिला जरा. शेवटी शेवटी पोटावर तेलाचे ओघळ, धुरांड्यामागे ही काजळी. कंपनीने धुणारी माणसं काढली ना. शिडी मोडली, ती दुरुस्तीला गेली ती परत आलीच नाही. हा एकटा फडकं घेऊन उभा. बादली पालथी घालायचा, तिच्यावर चढायचा आणि हात पुरेल तिथवर पुसायचा. वर काळं, खाली लख्ख. लांबून बघितलं की वाटायचं, म्हातारीला कोणी लाळेरं बांधलंय.”

“रोज पुसायचे?” जावयाने विचारले.

“रोज. मी म्हणायचो, अरे, वर तशीच राहणार, तर खाली घासून काय मिळणार तुला? तर म्हणायचा, माझा हात पोचतो तेवढ्याला मी जबाबदार. असा शहाणा.”

जावई माझ्याकडे पाहत होते. मी स्पष्ट सांगितले, की माझ्या विमानावर डाग नसे. खेचराची दृष्टी तेव्हाही अधू होती व ट्रॅक्टर कुंपणात घातल्याबद्दल त्यास समज मिळालेली आहे.

खेचर म्हणाला, “बरं बाबा, नव्हता डाग. बिस्कीट दे इकडे.”

तो गेल्यावर मी पाणी मागितले. मुलीने आणून दिले. “बाबा, त्यांनी चांगलंच सांगितलं ना तुमच्याबद्दल,” असे ती म्हणाली. माझे विमान काळे होते, असे चारचौघांत सांगणे हे चांगले सांगणे कसे, हे मला समजले नाही.

९ फेब्रुवारी, सोमवार

जावयाने आज मला भिंतीशी उभे केले. “बाबा, जरा हात वर करता का? पूर्ण. जितका जाईल तितका.” त्यांनी पट्टी घेऊन माप घेतले. सदरा शिवायचा असेल, असे मी म्हणालो. ते “हो, तसंच काहीतरी,” म्हणाले. मग म्हणाले, “डावा खांदा नेहमीच असा खाली असतो का?”

बादल्या वाहणाऱ्याचा खांदा खाली येतो, असे मी सांगितले. सदरा शिवणाऱ्याने ते ध्यानात ठेवलेले बरे. एरवी बाही लोंबते.

१५ फेब्रुवारी, रविवार

आज जे पाहिले ते लिहिताना माझे अक्षर बिघडत आहे.

फिरून आलो तो जावई टेबलाशी बसले होते. समोर बशीत काळपट तपकिरी रंग, टर्पेंटाइन घालून पाण्यासारखा पातळ केलेला. ब्रशाचे टोक त्यात बुडवून ते थोरलीच्या पत्र्यांच्या सांध्यांवर नुसते टेकवीत होते आणि घाण आपल्या पायाने चालत सांध्यांतून पुढे धावत होती. पंखांवर, पोटावर, शेपटीवर. पांढऱ्या चादरीवर गटाराचे पाणी सांडावे तशी.

“हे काय चालवले आहे?”

“वॉश देतोय बाबा. ह्याने सांधे उठून दिसतात. नाहीतर खेळणं वाटतं. थोडं वाळलं की काडीने जास्तीचं पुसायचं, वाऱ्याच्या दिशेने. मग ओघळ खरे वाटतात.”

“वॉश म्हणजे धुणे. तेवढे मला समजते. घाण काढण्यास धुणे म्हणतात. तुम्ही लावीत आहात.”

ते हसले. “तुमचा धंदा उलटा केलाय म्हणा.”

“जावईबापू, तो धंदा नव्हता. नोकरी होती.”

त्यांनी ब्रश खाली ठेवला. “रागावू नका. पूर्ण होऊ द्या, मग बघा. आवडलं नाही तर तेव्हा बोला.” बोलण्याजोगे काही उरले नाही, असे म्हणून मी बाहेर गेलो. परंतु खोली एकच असल्यामुळे पुन्हा आत यावे लागले.

१६ फेब्रुवारी, सोमवार

मुलीशी स्वयंपाकघरात बोललो. ती कणीक मळत होती.

मी म्हणालो, “ती पेटी तेथे कायमची राहणार. लोक पाहतील आणि म्हणतील, धुणारे झोपा काढीत होते काय? त्या लोकांत ओळखीचेही असतील. तू तुझ्या नवऱ्यास सांग.”

“मी नाही सांगणार. ते किती मनापासून करतायत, बघताय ना? ऑफिसातून आले की जेवणसुद्धा तिथेच.”

“ऑफिस नव्हे. कवळ्यांचे दुकान.”

“बाबा.” तिने कणकेचे हात तसेच धरून माझ्याकडे पाहिले. “थोडं थांबा. एवढंच म्हणते. रविवारी तुम्हीपण येणार आहात आमच्याबरोबर. मग बघा.”

“मला बोलावणे नाही.”

“आम्ही नेतोय ना.”

नेणे आणि बोलावणे ह्यांत फरक आहे. तो तिला समजत नसेल, तर आता समजावण्यात अर्थ नाही.

आणखी एक नोंद. जावई टेबलावर काही तरी बोटाच्या पेराएवढी लहान वस्तू रंगवीत असतात आणि मी आत आलो की तीवर वाटी पालथी घालतात. आपल्याच घरात मनुष्य वस्तू लपवू लागला, की ती कोणापासून लपवतो आहे हे वेगळे सांगावे लागत नाही. मी वाटीस हात लावलेला नाही.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

काम संपल्यासारखे दिसते. जावई दुकानात गेल्यावर मी भिंग घेऊन तपासणी केली.

धुरांड्यामागे काजळी आहे. पंखांच्या बुडाशी तेलाचे ओघळ, बारीक होत मागे गेलेले. शेपटीवर धूळ. खोटे बोलणार नाही, ओघळ जेथे हवेत तेथेच आहेत. डाव्या इंजिनाचे उजव्यापेक्षा जास्त आहेत, आणि डावे इंजिन नेहमीच जास्त गळत असे. हे त्यांना खेचराने सांगितले असणार.

परंतु कामात मोठा दोष आहे. डाव्या अंगास पोटापासून खिडक्यांच्या खालपर्यंत घाण लावलेलीच नाही. अथवा लावून पुसलेली आहे, आणि तीही धडपणे नव्हे. अर्धगोलांत, एकावर एक, माशाच्या खवल्यांसारखी. एका विशिष्ट उंचीपर्यंत पुसले आहे आणि तेथून वर एकदम काळे. कंटाळा आला आणि सोडून दिले. विमान घाण करण्याचे कामसुद्धा ह्या मनुष्याच्या हातून पुरे होत नाही.

संध्याकाळी ते मुलीस सांगत होते, “टेबलापाशी कोणी जाऊ नका. शनिवारी वरून मंद व्हार्निश मारलं की पक्कं. तोवर टर्पेंटाइनचं बोट लागलं तरी निघून येईल सगळं.”

मी पेपर वाचीत होतो.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

दुपारी घरात मी एकटा होतो. मुलगी बाजारात गेली होती, जावई दुकानात.

सदऱ्याच्या बाह्या वर केल्या. खिडकी उघडली. बशीत टर्पेंटाइन घेतले, जुने मऊ बनियन फाडून फडकी केली, सांध्यांसाठी कापसाच्या काड्या घेतल्या. धुण्याचा नियम असा, की वरून खाली यावे आणि नाकाकडून शेपटीकडे जावे. खाली आधी धुतले तर वरची घाण पुन्हा त्यावर येते. फडके एकदा काळे झाले की उलटावे, दोन्ही बाजू काळ्या झाल्या की टाकावे. त्याच फडक्याने पुढे पुसणारा मनुष्य धूत नसतो, फासत असतो. माझ्या टोळीत असे करणाऱ्यास मी दुसऱ्या दिवशी उभे करीत नसे.

पंखांचा माथा, शेपटीचा कणा, वरचे छप्पर. शेवटच्या वर्षांत जेथे कोणी जात नसे, तेथेही गेलो. हातभर विमानास शिडी लागत नाही. प्रत्येक सांध्यातून काडी फिरवली. ओघळ निघाले, काजळी निघाली. पोटाखालच्या त्या अर्ध्या पुसलेल्या भागास फारसे काही करावे लागले नाही.

काम संपले तेव्हा थोरली पहिल्या दिवसासारखी झाली होती. नोकरीतही ती मला अशी कधी मिळाली नव्हती, संपूर्ण, वरून खालपर्यंत. कितीतरी काळाने मला भूक लागली आणि मी डब्यातले दोन लाडू खाल्ले.

जावई दिवेलागणीस आले. दिवा लावून उभे राहिले. मी खाटेवर बसलो होतो.

“बाबा, हे तुम्ही केलंत?”

“होय. तपासणीत दोष आढळला. दुरुस्त केला.”

“सगळंच काढलंत?”

“अर्धवट काम करण्याची मला सवय नाही.”

त्यांनी वाकून डावे अंग पाहिले आणि तेथे बोट टेकवले. “इथलंसुद्धा.”

“तेथे तर तुम्हीच पुसून ठेवले होते. तेवढे माझे श्रम वाचले.”

ह्यावर ते हसले. आवाज न करता, बराच वेळ. म्हणजे राग आलेला नव्हता. मग म्हणाले, “एक ओघळ नाही ठेवलात. मानलं तुम्हाला.” माझ्या कामाची अशी पोचपावती साहेबांनीही दिली नव्हती.

मुलगी दारात आली, तिने पाहिले आणि हातातली पिशवी तशीच खाली ठेवली. “परत नाही का करता येणार?” तिने त्यांना विचारले.

“वाळायलाच दिवस लागतात. राहू दे.”

“पण मग ते तुमचं वाटीखालचं...”

“राहू दे म्हटलं ना.”

२१ फेब्रुवारी, शनिवार

मुलगी माझ्याशी बोलत नाही. जेवण वाढते, भाजी पुन्हा विचारते, परंतु बोलत नाही. तिची आई अशीच करी.

जावयाने विमानास चकाकीचेच व्हार्निश मारले. लाकडी पाटावर बसवले, खोक्यात ठेवले. वाटीखालची वस्तू चिमट्याने उचलून आगपेटीत घातली. आगपेटी खिशात ठेवताना म्हणाले, “बाबा, तुमची कवळीपण नवी करून देतो. पांढरीशुभ्र. तुम्हाला पहिल्यापासून हवी होती तशी.”

मी आभार मानले. उशिरा का होईना, मनुष्यास चूक कळली. मुलगी एकदम उठून आत गेली. तिला चुलीवर काही आठवले असावे.

२२ फेब्रुवारी, रविवार

प्रवासी दालनास नवीन रंग दिला आहे. फरशी तीच. जेथे सामान तोलत तेथे आता पेट्या मांडल्या आहेत. पुष्कळ लोक होते.

थोरलीची पेटी मधोमध होती. दिव्याखाली ती अशी चमकत होती, की दारातूनही दिसावी. मी पोशाख नीट करून पुढे गेलो.

तिच्या डाव्या अंगास, पोटाखाली, पाटावर एक मनुष्य उभा केला होता. बोटाच्या पेराएवढा. पालथ्या बादलीवर टाचा उचलून उभा. टोपीचे टोक मागे फिरवलेले, मी फिरवीत असे तसे. डावा खांदा उतरलेला. उजवा हात पुरा वर ताणलेला आणि हातात फडके. फडके काळे रंगवले होते. एवढ्याशा तोंडावर नाक, मिशी, सर्व होते. समोर लखलखीत पांढरा पत्रा.

माझ्यापुढे एक तरुण जोडपे होते. ती म्हणाली, “हा काय करतोय?” तो म्हणाला, “स्वच्छ विमान पुसतोय. पगार चालू राहिला पाहिजे ना.” दोघेही हसली व पुढच्या पेटीकडे गेली.

खेचर मागे येऊन उभा होता. “आरशा, हा तूच की रे. खांदा बघ. टोपी बघ. डिट्टो.” मग त्याने काचेला नाक लावले. “पण लेका, तू पुसतोयस काय? इथे तर काहीच नाहीये.”

“पुसून झाले आहे,” मी म्हणालो.

“मग हात खाली घे की.”

जावई दाराजवळ एका बाईंशी बोलत होते. त्या त्यांचे अभिनंदन करीत होत्या आणि ते मान हलवीत होते. पेटीकडे ते एकदाही आले नाहीत.

मी एक गोष्ट पाहिली, ती लिहून ठेवतो. त्या मनुष्याचे फडके जेथवर पोहोचते, ती उंची आणि परवा ते खवल्यांसारखे पुसलेले जेथे संपत होते, ती उंची एकच आहे. मी दोनदा पाहिले.

२५ फेब्रुवारी, बुधवार

जावयाने टेबल माझ्या खोलीतून हलवून दुकानात नेले. “तुम्हाला वासाचा त्रास होत असेल,” म्हणाले. मी कधी तक्रार केली नव्हती. खोली आता मोठी झाली आहे. फरशी मी स्वतः पुसली.

मी विचारले, “त्या माणसास तेथून काढता येईल काय?”

“नाही बाबा. चिकटवलाय. पाय मोडतील.”

“आणि विमान पुन्हा...”

त्यांनी वाट पाहिली. ते म्हणाले, “पेटी सीलबंद केलीय त्यांनी,” आणि चपला घालून गेले.

४ मार्च, बुधवार

नवी कवळी आली. जावयाने ती माझ्या हातात न देता मुलीजवळ ठेवून दिली होती.

आरशासमोर बसवून पाहिली. दात पांढरेशुभ्र आहेत, सर्व सारखे, कोठे रेघ नाही, छटा नाही. मी मागितले होते तसेच. तोंड उघडले की दुसऱ्याच कोणाचे वाटते.

मी ती काढून पाण्याच्या पेल्यात ठेवली आणि जुनी घातली. नवीने घास चावला जात नाही, हिरड्यांस लागते, असे मुलीस सांगितले. ती म्हणाली, “मग ह्यांना सांगा ना, घासून देतील.” मी सांगेन म्हणालो.

कवळी कोठेही लागत नाही. मापात त्यांची चूक कधी होत नाही.